छपरावरील सूर्य आणि कागदावरील किलोवॉट

घराच्या गच्चीवर सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारीं पॅनेलें बसवावींत आणि त्या खर्चाचा कांहीं भाग सरकारनें उचलावा, ही कल्पना आतां आपल्या परिचयाची झाली आहे. या योजनेच्या प्रत्येक जाहिरातींत एक वाक्य हमखास आढळतें: ३ किलोवॉटला ७८,००० रुपये. त्यांतील रुपयांचा अर्थ कोणास समजावून सांगावयास नको. परंतु ३ किलोवॉट म्हणजे काय, असें विचारलें तर पुरवठादार एक उत्तर देतो, अभियंता दुसरें देतो, आणि आपल्या विजेच्या बिलावर तिसराच आंकडा छापलेला असतो. या तिघांपैकीं कोणीहि खोटें बोलत नसतो. अनुदान मात्र एकाच आंकड्यावर मिळतें. तो आंकडा कोणता, तो कसा ठरतो आणि कागदावर कसा चढतो, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम योजनेची रूपरेषा सांगतों. २०२४ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें ‘पी. एम. सूर्य घर’ या नांवाची योजना सुरू केली. एक कोट घरांच्या छपरांवर सौरसंच बसविणें हा तिचा हेतु. तिच्यासाठीं मंत्रिमंडळानें ७५,०२१ कोटि रुपयांची तरतूद मंजूर केली आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ठेवली. घरगुती ग्राहकाला पहिल्या २ किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये आणि त्यापुढील एका किलोवॉटला १८,००० रुपये, असा अनुदानाचा दर आहे. ३ किलोवॉटच्या पुढें अनुदान वाढत नाहीं. संच ५ किलोवॉटचा असो कीं ८ किलोवॉटचा, ७८,००० रुपये हीच मर्यादा. ईशान्येकडील आणि हिमालयांतील राज्यांना, तसेंच अंदमान व लक्षद्वीप या बेटांना, दर थोडा अधिक आहे. महाराष्ट्र व गोवा यांना मात्र मीं सांगितलेलाच दर लागू पडतो. क्षमतेंत किलोवॉटचा अपूर्णांक आला तर अनुदानहि त्याच प्रमाणांत मिळतें. ही गोष्ट किरकोळ वाटेल, परंतु पुढील सारा हिशेब तिच्यावर उभा आहे.

अनुदान मोजण्याची रीति पूर्वीं अशी नव्हती. २०१९ मध्यें मंजूर झालेल्या टप्प्यांत सरकार खर्चाचे टक्के देत असे: पहिल्या ३ किलोवॉटपर्यंत ४० टक्के, आणि तेथून १० किलोवॉटपर्यंत २० टक्के. टक्के म्हटले कीं कशाचे टक्के, हा प्रश्न आलाच. मग सरकारी प्रमाण-किंमत कोणती आणि निविदेंतील किंमत कोणती, हें पाहणें ओघानें आलें. पुढें ठराविक रकमेची पद्धति सुरू झाली. राष्ट्रीय संकेतस्थळावरून अर्ज करणाऱ्यास ३ किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला १४,५८८ रुपये मिळूं लागले. २०२४ च्या जानेवारींत तो आंकडा १८,००० वर गेला, आणि पुढच्याच महिन्यांत आजचे दर आले. या स्थित्यंतराचा एक परिणाम सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. टक्क्यांच्या काळांत भांडणाचें मूळ किंमतींत होतें. रक्कम ठराविक झाल्यावर किंमत बाजूला पडली आणि तें मूळ क्षमतेंत गेलें. संच दीड लाखाला घेतला काय आणि दोन लाखांना घेतला काय, सरकार विचारतें तें एवढेंच कीं, किती किलोवॉट?

आतां हा किलोवॉट कोठें लिहिलेला असतो तें पाहूं. प्रत्येक पॅनेलाच्या पाठीवर कारखान्यानें एक पाटी चिकटविलेली असते. तीवर अनुक्रमांक असतो, कारखान्याचें नांव असतें आणि वॉटमध्यें एक संख्या असते. उदाहरणासाठीं आपण ती ५४० धरूं. अशीं सहा पॅनेलें बसविलीं तर ३,२४० वॉट, म्हणजे ३.२४ किलोवॉट झाले. ही झाली पॅनेलांची क्षमता.

परंतु हे ५४० वॉट कोठें मोजले? आपल्या गच्चीवर नव्हे, कारखान्यांतील परीक्षागृहांत. तेथें पॅनेलावर क्षणभर कृत्रिम प्रकाशाचा झोत सोडतात. त्या प्रकाशाची तीव्रता दर चौरस मीटरला १,००० वॉट ठेवलेली असते आणि पॅनेलांतील सिलिकॉनच्या चकत्यांचें उष्णतामान २५ अंश सेंटिग्रेड असतें. जगांतील सारे कारखाने हीच परीक्षा करतात, आणि तिचा उपयोग तुलनेपुरता आहे. मापें सरकारी शिक्क्याचीं असलीं म्हणजे एका पेठेंतील शेर दुसऱ्या पेठेंतहि शेरच राहतो. तसाच हा प्रकार. मात्र या परीक्षेची स्थिति आपल्या छपरावर क्वचितच उद्भवते. नागपूरच्या किंवा जळगांवच्या गच्चीवर मे महिन्यांत भर दुपारीं १,००० वॉटांइतकें ऊन खुशाल मिळेल, परंतु त्या वेळीं पॅनेल २५ अंशांवर कसें राहील? तें ६५ अंशांपर्यंत सहज तापतें. सिलिकॉनचा स्वभाव असा कीं, तें जितकें तापेल तितकी त्याची वीज घटते; २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सुमारें ०.३५ टक्के घट धरतात. ४० अंश अधिक तापलें कीं १४ टक्के गेले, आणि ५४० वॉटांचें पॅनेल ४६४ वॉटांवर आलें. सहा पॅनेलांचे मिळून २.८ किलोवॉटहि पुरते भरत नाहींत. उन्हाळा कडक म्हणून वीज भरपूर, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती येथें अर्धीच खरी ठरते. स्वच्छ ऊन आणि गार वारा असा माघांतला दिवस पॅनेलाला वैशाखापेक्षां अधिक मानवतो.

दुसरा आंकडा इन्व्हर्टरचा. पॅनेलांतून निघणारी वीज एकाच दिशेनें वाहते. घरांतील पंख्यांना आणि दिव्यांना लागणारी वीज सेकंदाला पन्नास फेरे घेणारी असते. पहिलीचें दुसरींत रूपांतर करणारें यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. (वीज गेल्यावर दिवे चालू ठेवणारी बॅटरीची पेटी आपण याच नांवानें ओळखतों. हें यंत्र तें नव्हे. बाहेरची वीज गेली कीं साधा सौर इन्व्हर्टर स्वतःहि बंद पडतो, कारण एरव्हीं खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका पोंचेल.) या यंत्रावरहि क्षमतेचा आंकडा असतो, आणि तो बाहेर पडणाऱ्या विजेचा असतो. ३ किलोवॉटच्या इन्व्हर्टरमधून ३ किलोवॉटच बाहेर पडतील, मागें पॅनेलें कितीहि असोत. हौद मोठा असला म्हणून तोटीच्या तोंडापेक्षां जाड धार पडत नाहीं.

पॅनेलें उन्हानें तापून पाटीवरील आंकड्याच्या खालींच राहतात, हें आपण पाहिलें. त्यामुळें जाणता अभियंता इन्व्हर्टरपेक्षां पॅनेलें थोडीं अधिक ठेवतो. ३ किलोवॉटच्या इन्व्हर्टरला ३.२४ किलोवॉटचीं पॅनेलें जोडण्यांत कांहींच वावगें नाहीं. एखाद्या थंड, निरभ्र दुपारीं कांहीं वॉट वाया जातील. वर्षाच्या हिशेबांत तें नुकसान क्षुल्लक असतें, आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हांत अधिक पॅनेलांचा लाभ पदरांत पडतो.

म्हणजे एकाच छपरावर दोन खरे किलोवॉट नांदत असतात. अनुदानासाठीं सरकारनें कोणता धरावा? केंद्र सरकारचा नियम असा आहे कीं, पॅनेलांची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची एकूण क्षमता या दोहोंत जी कमी असेल ती संचाची क्षमता समजावी. ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कांहीं संचांत प्रत्येक पॅनेलाखालीं एक लहानसा इन्व्हर्टर असतो, तेथें त्या सर्वांची बेरीज घ्यावयाची.

हा नियम हिशेबांत घालून पाहूं. ५४० वॉटांचीं सहा पॅनेलें आणि ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर: पॅनेलें ३.२४, इन्व्हर्टर ३. कमी ती ३. अनुदान ७८,००० रुपये. येथें ग्राहकाचें कांहीं जात नाहीं. आतां इन्व्हर्टर तोच ठेवून पॅनेलें पांच बसविलीं असें समजा. पॅनेलांची क्षमता २.७ किलोवॉट झाली. पहिल्या दोन किलोवॉटचे ६०,००० आणि उरलेल्या ०.७ चे १२,६०० मिळून ७२,६०० रुपये. चारच पॅनेलें असतील तर २.१६ किलोवॉट, आणि अनुदान ६२,८८० रुपये. तिन्ही छपरांखालीं इन्व्हर्टर तोच, त्यावरील ३ हा आंकडाहि तोच. आणि पहिल्या व शेवटच्या घरांत अंतर १५,१२० रुपयांचें. पुरवठादारानें तिघांनाहि ‘तीन किलोवॉटचा संच’ म्हणूनच विकला असेल, आणि बोलतांना त्याच्या मनांत इन्व्हर्टरचा आंकडा असेल तर त्यास असत्य तरी कसें म्हणावें? परंतु ग्राहकानें मनांत धरलेले ७८,००० रुपये मात्र त्या बोलण्यांतून उगवत नाहींत. शिवाय अनुदानांतील तूट एकदांच सोसावी लागते. पॅनेलांची तूट पुढें वीस-पंचवीस वर्षें दरमहा बिलांत दिसत राहते.

कमी तोच आंकडा धरण्याचें कारण उघड आहे. केवळ इन्व्हर्टर मोजला असता तर मोठा इन्व्हर्टर आणि दोन पॅनेलें टांगून कोणीहि ३ किलोवॉटचें अनुदान उचललें असतें. केवळ पॅनेलें मोजलीं असतीं तर स्वस्तांतला अपुरा इन्व्हर्टर लावून तोच खेळ उलट बाजूनें करतां आला असता. दोन्ही आंकडे समोर ठेवून धाकटा उचलला कीं दोन्ही वाटा बुजतात, आणि पाहणीस आलेल्या माणसाला पाट्या वाचतां येणें एवढेंच ज्ञान पुरतें. माझ्या मतें नियम शहाणपणाचा आहे, परंतु एका ठिकाणीं तो जरा आंखडतो. अतिउष्ण प्रदेशांत, किंवा पूर्व-पश्चिम अशा दोन उतारांवर पॅनेलें विभागलेलीं असतां, ३.२४ किलोवॉटच्या पॅनेलांना अडीच किलोवॉटचा इन्व्हर्टर लावणें हें कधीं कधीं काटकसरीचें ठरतें. तसें केलें तर अनुदान अडीच किलोवॉटचें, म्हणजे ६९,००० रुपये मिळतें. शास्त्राला मान्य असलेल्या निवडीबद्दल ९,००० रुपयांचा दंड पडल्यासारखें होतें. अशी घरें थोडीं, म्हणून नियम बदलावा असें मी म्हणणार नाहीं. मात्र तो असा आहे हें निवड करण्यापूर्वीं माहीत असावें.

क्षमता सांगण्यावर पैसा अवलंबून ठेवला म्हणजे काय काय घडतें, याचा अनुभव युरोपानें आपल्या आधीं घेतला आहे. ब्रिटनमध्यें १ एप्रिल २०१० रोजीं एक योजना सुरू झाली आणि ३१ मार्च २०१९ नंतर ती नव्या संचांना बंद झाली. तेथें संच बसवितांना रोख रक्कम देत नसत; संचानें निर्माण केलेल्या प्रत्येक युनिटामागें ठराविक पेन्स देत, आणि पहिल्या काळांतल्या संचांना तें देणें २५ वर्षें चालावयाचें होतें. युनिटें मीटर मोजतो. मग क्षमता कशाला हवी? तर दर ठरविण्याला. जुन्या घरावर बसविलेला संच ४ किलोवॉटपर्यंतचा असेल तर आरंभीं युनिटाला ४१.३ पेन्स मिळत. ४ च्या वर १० किलोवॉटपर्यंत ३६.१ पेन्स. आणि हा खालचा दर फक्त वरच्या भागाला नव्हे, सर्वच युनिटांना लागे. इंग्लंडच्या हवेंत एक किलोवॉट वर्षाला ८५० युनिटें देतो असें धरूं. २५० वॉटांचीं सोळा पॅनेलें, म्हणजे बरोबर ४ किलोवॉट: ३,४०० युनिटें आणि सुमारें १,४०४ पौंड. त्यांत सतरावें पॅनेल घातलें तर युनिटें वाढून ३,६१२ होतात, परंतु रक्कम उतरते १,३०४ पौंडांवर. अधिक वीज निर्माण करणारा वर्षाला शंभर पौंडांनीं नागवला जाई. अशा स्थितींत सतरावें पॅनेल कोण बसवील? ४ किलोवॉटच्या रेषेला टेकून थांबलेले संच तेथें घरोघर दिसूं लागले, तें यामुळेंच.

त्या योजनेंत क्षमतेचीं दोन नांवें होतीं. संचाला इजा न होतां तो दीर्घकाळ जितक्या कमाल शक्तीनें चालूं शकेल ती ‘एकूण स्थापित क्षमता’. आणि तींतून संचानें स्वतःसाठीं खर्चिलेली वीज वजा केली म्हणजे ‘घोषित निव्वळ क्षमता’. दर ठरे तो पहिलीवर. जर्मनींतहि क्षमता पॅनेलांच्या पाट्यांवरून मोजतात. तेथें २०१४ च्या कायद्यानें १० किलोवॉटपर्यंतच्या लहान संचांना, स्वतः वापरलेल्या विजेवरील अधिभारांतून वगळलें, आणि छपरांवर ९.९ किलोवॉटचे संच उगवूं लागले. जागा असूनहि लोक तेथेंच थांबत. ती मर्यादा २०२१ मध्यें ३० किलोवॉटपर्यंत वाढविली आणि २०२२ च्या जुलैंत तो अधिभारच शून्यावर आणला.

आपल्या योजनेंत असा कडा नाहीं, पायऱ्या आहेत. ३ च्या ऐवजीं ३.३ किलोवॉट लिहिले म्हणून मिळालेलें अनुदान कोणी काढून घेत नाहीं, वरच्या ०.३ चें मिळत नाहीं, इतकेंच. म्हणून क्षमता मुद्दाम कमी दाखविण्याचा मोह येथें उत्पन्न होत नाहीं. होतो तो अधिक दाखविण्याचा, आणि तोहि ३ किलोवॉटच्या आंतच. ही ३ ची मर्यादा कोठून आली असावी, याचा अंदाज योजनेच्या नांवांतील ‘मोफत’ या शब्दावरून येतो. आपल्याकडे एका किलोवॉटला वर्षाच्या सरासरीनें दिवसाला सुमारें ४ युनिटें पडतात. ३ किलोवॉटला महिन्याकाठीं ३६० झालीं. आणि सरकारनें बोलून दाखविलेलें उद्दिष्ट दरमहा ३०० युनिटांचें आहे. मोफत हा शब्द अर्थातच सैल आहे. अनुदान वजा जातां उरलेला खर्च ग्राहकाच्याच खिशांतून जातो, किंवा बँकेच्या कर्जांतून.

तिसरा आंकडा राहिला: विजेच्या बिलावरील ‘मंजूर भार’. आपल्या घराला वीजकंपनीनें किती किलोवॉटपर्यंतचा पुरवठा मान्य केला आहे, तें तो सांगतो. अनुदानाच्या हिशेबांत त्याला स्थान नाहीं, परंतु संच केवढा बसवितां येईल हें मात्र त्यावर ठरतें. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनीं छपरावरील संचाची क्षमता मंजूर भाराच्या आंत ठेवण्याचा दंडक घातला. जुन्या चाळींतून आणि बैठ्या घरांतून मंजूर भार एक किंवा अर्धा किलोवॉटच नोंदलेला असतो. वीस वर्षांपूर्वीं दोन दिवे आणि एक पंखा सांगून घेतलेली जोडणी ती, मागाहून शीतकपाट आलें, पाण्याचा पंप आला, पण कागद तसाच राहिला. २०२४ मध्यें केंद्र सरकारनें वीजग्राहकांच्या हक्कांविषयींचे नियम सुधारले, तेव्हां ही अडचण सोपी झाली. १० किलोवॉटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीवांचून मान्य समजावा आणि त्यासाठीं लागणारी मंजूर भाराची वाढ वीजकंपनीनेंच करून घ्यावी, असें त्या सुधारणेंत आहे. तथापि बिलावरील तो आंकडा अर्जापूर्वीं एकदां वाचून ठेवणें बरें.

आतां कागदाचा प्रवास. अर्ज राष्ट्रीय संकेतस्थळावर करावा लागतो आणि तो ज्याच्या नांवावर वीजजोडणी आहे त्याच्या नांवानें होतो. अर्जांत इच्छित क्षमता लिहितात, परंतु तो केवळ मनोदय झाला. नोंदलेला पुरवठादार संच बसवितो, पॅनेलांचे व इन्व्हर्टरचे तपशील आणि छायाचित्रें संकेतस्थळावर चढवितो. वीजकंपनीचा अभियंता येऊन पाहणी करतो. नेट मीटर, म्हणजे येणारी आणि जाणारी वीज वेगवेगळी मोजणारा मीटर, बसतो. आणि संच चालू झाल्याचा दाखला निघतो. अनुदानासाठीं क्षमता धरली जाते ती या पाहणींत आढळलेली. अर्जांत ३ लिहून पाहणींत २.७ आढळले तर २.७ वरच हिशेब होतो. त्यानंतर ग्राहक आपल्या बँकखात्याचा तपशील देतो आणि रक्कम थेट त्या खात्यांत येते. त्यासाठीं ३० दिवसांची मुदत सांगितलेली आहे. पुरवठादाराच्या हातांत सरकार पैसे ठेवीत नाहीं. ग्राहकानें मात्र त्यास किंमत आधीं चुकती केलेली असते, आणि म्हणूनच क्षमतेंतील तफावत उशिरां कळली तर ती ग्राहकाच्या माथीं बसते.

पाहणीच्या वेळीं आणखी एक गोष्ट तपासतात. अनुदान हवें असेल तर पॅनेल भारतांत बनलेलें असून भागत नाहीं. त्याच्या आंतील सिलिकॉनच्या चकत्याहि येथेंच बनलेल्या असाव्या लागतात. परदेशी चकत्या आणून येथें नुसत्या कांचेंत बसविलेलें पॅनेल स्वस्त पडतें आणि वीजहि देतें, पण अनुदानाच्या हिशेबांत त्याचे वॉट शून्य. अशा पॅनेलांवर बसविलेला ३ किलोवॉटचा संच म्हणजे अनुदानापुरता नसलेला संच. पाठीवरील अनुक्रमांकाला किंमत येते ती येथें.

गृहरचना संस्थांचा हिशेब निराळा आहे. जिना, उद्वाहन, पाण्याचे पंप, आवारांतील दिवे यांसारख्या सामाईक कामांसाठीं संच बसविला तर दर किलोवॉटला सरसकट १८,००० रुपये मिळतात. मर्यादा दर घरामागें ३ किलोवॉट आणि एकंदर ५०० किलोवॉट. एखाद्या सभासदानें आपला स्वतंत्र संच छपरावर बसविला असेल तर तोहि त्यांतच धरतात. चाळीस सदनिकांच्या संस्थेला १२० किलोवॉटपर्यंत वाव आहे. परंतु तिची सामाईक गरज २५ किलोवॉटची असेल तर त्या बेताचा संच पुरे, आणि अनुदान साडेचार लाख. येथेंहि धाकट्या आंकड्याचाच नियम चालतो. २५ किलोवॉटच्या इन्व्हर्टरला ५४० वॉटांचीं ४६ पॅनेलें लावलीं तर २४.८४ किलोवॉट भरतात आणि २,८८० रुपये कमी येतात. सत्तेचाळिसावें पॅनेल लावलें कीं पूर्ण रक्कम मिळते. संस्थेच्या सभेंत तासभर वाद रंगावा असा हा विषय आहे, आणि त्याचें उत्तर पाटीवर लिहिलेलें आहे.

क्षमतेच्या आंकड्यांतून जें कळत नाहीं, तेंहि सांगितलें पाहिजे. दक्षिणेकडे कललेल्या मोकळ्या छपरावरील ३ किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात. शेजारच्या उंच इमारतीच्या सावलींत अर्धा दिवस बुडालेल्या ३ किलोवॉटलाहि तितकेच. ब्रिटनचें सरकार निपजलेल्या विजेचे पैसे देत असल्यामुळें सावलीचा तोटा तेथें योजनेच्या हिशेबांत आपोआप उमटे. आपलें सरकार निपजण्याच्या सामर्थ्याचे पैसे देतें, आणि प्रत्यक्ष निपजेची काळजी ग्राहकाच्या बिलावर सोंपवितें. आगाऊ खर्च झेपत नाहीं ही सामान्य कुटुंबाची मुख्य अडचण असल्यामुळें ही पद्धति मला अधिक योग्य वाटते. पण तिच्यांत सावली ओळखण्याचें काम पाहणीच्या अभियंत्याचें नसून घरधन्याचें आहे. पाण्याच्या टाकीची, जिन्याच्या खोलीची आणि नारळाच्या झाडाची सावली हिवाळ्यांत किती लांबते, हें त्यानें संच बसण्यापूर्वींच गच्चीवर जाऊन पाहिलेलें असावें.

पुरवठादाराकडून दरपत्रक घेतांना ‘तीन किलोवॉटचा संच’ हे शब्द पुरेसे मानूं नयेत. पॅनेलांची संख्या, एका पॅनेलाचे वॉट, पॅनेलांतील चकत्या कोठल्या, आणि इन्व्हर्टरची क्षमता हे चार तपशील त्या कागदावर वेगवेगळे लिहून मागावेत. पहिल्या दोहोंचा गुणाकार करावा, १,००० नें भागावें, आलेला आंकडा इन्व्हर्टरच्या आंकड्याशेजारीं मांडावा आणि लहान असेल तो उचलावा. तो २ च्या आंत असेल तर ३०,००० नें गुणावा. २ आणि ३ यांच्या मध्यें असेल तर दोनाच्या वर राहील तेवढा अपूर्णांक १८,००० नें गुणून त्यांत ६०,००० मिळवावेत. शाळेंतील मुलालाहि हें गणित पांच मिनिटांत करतां येईल. संच बसल्यावर पॅनेलें चौकटीवर घट्ट होण्याआधीं त्यांच्या पाठीवरील पाट्यांचीं छायाचित्रें घेऊन ठेवावींत. एकदां तीं बसलीं म्हणजे पाठ छपराकडे जाते आणि पाटी वाचण्यासाठीं गच्चीवर आडवें पडावें लागतें.